पॅनलचा पत्र्याचा डबा वाकडा का होतो? कटिंग, बेंडिंग आणि वेल्डिंग सोप्या भाषेत

कुठल्याही कंपनीत जा, सोसायटीच्या पंपरूममधे जा नाहीतर शेतातल्या मोटरच्या शेडमधे जा, भिंतीवर एक राखाडी पेटी लावलेली दिसते, आत स्टार्टर, एमसीबी आणि वायरी. त्या पेटीकडे कोणी दोनदा बघत नाही. मी गेली बारा वर्षं भोसरीत हेच काम करतोय आणि मला अजूनही वाटतं की हा साधा डबा नीट बनवणं, म्हणजे दार एका बोटाने बंद होईल, चारी बाजूला गॅप सारखी राहील, पाणी आत जाणार नाही असा बनवणं, हे बऱ्याच लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप अवघड आहे. डबा वाकडा आला की सगळे वेल्डरकडे बघतात. पण दहातल्या सात-आठ वेळा चूक वेल्डिंगच्या खूप आधी झालेली असते, कागदावरच. तेच आज नीट सांगतो, एकच डबा घेऊन, ६०० उंच, ४०० रुंद आणि २०० खोल, सगळं मिलिमीटरमधे.

आधी पत्रा. अशा डब्याला साधारण १.६ मिमीचा सीआरसीए पत्रा वापरतात. सीआरसीए म्हणजे थंड असताना रोलमधून दाबून पातळ केलेला आणि मग भट्टीत बंद वातावरणात तापवून मऊ केलेला पत्रा. तो गुळगुळीत असतो आणि जाडी सगळीकडे सारखी असते. दुसरा असतो एचआर, गरम असतानाच रोल केलेला, त्याच्यावर काळी खपली असते, ती काढली नाही तर पेंट खपलीसकट निघून येतो. दुकानात माणसं गेजमधे बोलतात आणि इथे नवीन मुलं हमखास फसतात, कारण १६ गेज म्हणजे १.६ मिमी हा निव्वळ योगायोग आहे, १८ गेज म्हणजे १.८ नाही तर १.२ मिमी, आणि १४ गेज म्हणजे २ मिमी. आकडा वाढला की पत्रा पातळ. म्हणून ऑर्डर देताना मिमीच लिहा, गेज लिहूच नका. वजन काढायला सोपं आहे, एक मीटर बाय एक मीटर लोखंडी पत्रा १ मिमी जाड असेल तर ७.८५ किलो भरतो, त्या हिशोबाने २५०० बाय १२५० चा १.६ चा पूर्ण पत्रा ३९ किलोच्या थोडा वर.

आता एक गोष्ट समजून घेतली की अर्धं शीट मेटल कळतं. सपाट पत्र्याला दम नसतो. ६०० बाय ४०० चा सपाट तुकडा हातात धरून हलवला तर डबडब आवाज करतो. त्याच पत्र्याच्या चारी कडांना १५-२० मिमीची घडी मारली की तो एकदम ताठ होतो. घरातली जुनी लोखंडी ट्रंक आठवा, धान्याची कोठी आठवा, झाकणावर उठवलेल्या पट्ट्या असतात, अंगावर गोल कड्या असतात, त्या शोभेसाठी नसतात. छपराचा पन्हळी पत्रा सपाट असता तर पहिल्या वाऱ्यातच फडफडला असता. जाडी वाढवूनही ताठपणा येतो, तोही चांगला येतो कारण तो जाडीच्या घनात वाढतो, १.६ चा २ मिमी केला तर वजन पाव पटच वाढतं पण ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. तरीपण घडी त्याहून स्वस्त, घडीला फक्त एक बेंड लागतो.

कटिंग फार लांबवत नाही. पूर्वी शिअरिंग मशीनवर कापायचे आणि होल पंचिंगला, आता बहुतेक ठिकाणी फायबर लेझर आला. एकच सांगतो जे पुढे महागात पडतं. लेझर ऑक्सिजन गॅस वापरून कापतो तेव्हा कडेवर काळसर ऑक्साईडचा थर बसतो आणि त्या कडेवर पावडर कोटिंग, म्हणजे पावडर मारून भट्टीत भाजलेला रंग, नीट धरत नाही, काही महिन्यांनी बरोबर कडेपासूनच पापुद्रा सुटतो. नायट्रोजनने कापलं की कड चकचकीत येते, गॅसचा खर्च मात्र जास्त. पातळ पत्र्याला नायट्रोजनच घ्यावा असं माझं मत आहे. आणि बर, म्हणजे कापताना कडेला राहिलेली धारदार कोर, काढल्याशिवाय जॉब पुढे पाठवू नका, बर असलेली कड बेंडिंगच्या स्टॉपरला नीट टेकत नाही आणि माप तिथेच पाव-अर्धा मिमी सरकतं.

आता बेंडिंग, आणि इथे मी जास्त वेळ घेणार आहे कारण डबा इथेच बिघडतो.

एक जाड खोडरबर घ्या, त्याच्या बाजूला पेनाने उभ्या रेघा मारा आणि वाकवा. बाहेरच्या बाजूला रेघा लांब लांब जातात, आतल्या बाजूला जवळ येतात. मधे कुठेतरी एक थर असतो जो ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही. पत्र्याचं अगदी तसंच होतं. तो थर बरोबर मधे नसतो, आतल्या बाजूकडे थोडा सरकलेला असतो, आतून मोजलं तर जाडीच्या ०.४ ते ०.४५ पटीवर. ह्या आकड्याला के फॅक्टर म्हणतात. नाव भारी आहे पण गोष्ट एवढीच.

ह्याचा उपयोग काय तर सपाट तुकडा केवढा कापायचा ते काढायला. समजा तुम्हाला ५० आणि ३० चा एल अँगल पाहिजे, दोन्ही मापं बाहेरून. सरळ बेरीज केली तर ८० कापाल आणि अँगल मोठा येईल, कारण कोपऱ्यात पत्रा काटकोनात फिरत नाही, गोलाईतून शॉर्टकट मारतो आणि कोपऱ्याची जागा बाहेरच्या दोन्ही मापांत मोजली जाते. १.६ चा पत्रा, आतली गोलाई पण १.६, के फॅक्टर ०.४२ धरला तर गोलाईतली खरी लांबी ३.५७ मिमी येते, आणि प्रत्येक बेंडला बेरजेतून साधारण २.८३ मिमी वजा करावे लागतात. म्हणजे ८० नाही, ७७.१७ कापायचं.

एका बेंडला पावणेतीन मिमी हे थोडं वाटतं. पण आपल्या डब्याचं बघा. रुंदीच्या दिशेने २० ची पुढची लिप (दाराच्या तोंडाशी आत वळलेली कड), २०० ची बाजू, ४०० ची पाठ, परत २०० ची बाजू, परत २० ची लिप, बेरीज ८४०. चार बेंड आहेत, चार वेळा २.८३ म्हणजे ११.३ मिमी. कापायचं ८२८.७. कोणी ८४० कापलं तर ते अकरा मिमी कुठेतरी बाहेर येणारच, आणि ते नेहमी दाराच्या तोंडाशीच येतात. उंचीच्या दिशेने पण तसंच, १०४० मधून ११.३ गेले की १०२८.७. ह्या मापाचे तीन ब्लँक, म्हणजे न वाकवलेले सपाट तुकडे, २५०० बाय १२५० च्या एका पत्र्यात बसतात, आणि चार कोपऱ्यांतून जे २०० च्या आसपासचे चौकोन निघतात त्यातून ग्लँड प्लेट (जिथून केबल आत घेतात ती पट्टी), ब्रॅकेट, लॉकच्या पट्ट्या काढायच्या, ते भंगारात टाकू नका.

मी सुरुवातीला पंचवीस दारं अशीच घालवली आहेत. के फॅक्टर कॉम्प्युटरमधे जो आधीपासून भरलेला होता तोच राहू दिला, दार डब्यावर घासायला लागलं, आणि मी दोन दिवस वेल्डरला बोललो की तुझ्या हीटने डबा ओढला. त्याची काही चूक नव्हती. त्याने एक बेंड मोजून मला दाखवलं तेव्हा कळलं. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली ती प्रत्येकाला सांगतो. पत्र्याचा नवीन लॉट आला की त्यातून बरोबर १०० मिमी लांब तुकडा कापायचा, मधे ९० अंशात वाकवायचा, दोन्ही बाजू व्हर्नियरने बाहेरून मोजायच्या आणि बेरजेतून १०० वजा करायचे. जे उरेल ते तुमच्या मशीनवर, तुमच्या डायवर, तुमच्या पत्र्याला लागू होणारं खरं डिडक्शन, म्हणजे एका बेंडला वजा करायचा आकडा. पाच मिनिटांचं काम आहे.

तुमच्या डायवर असं का म्हटलं तर बेंडची आतली गोलाई पंचाच्या, म्हणजे वरून दाबणाऱ्या पात्याच्या, टोकापेक्षा खालच्या व्ही आकाराच्या खाचेवर, म्हणजे व्ही डायवर, जास्त ठरते. पत्रा व्हीच्या दोन कडांवर टेकतो, पंच मधून दाबतो, आणि साध्या लोखंडाला गोलाई व्हीच्या रुंदीच्या साधारण १६ टक्के येते. व्ही घ्यायचा जाडीच्या सहा ते आठ पट, म्हणजे १.६ ला १० चा व्ही, गोलाई १.६. ऑपरेटरने सेटिंग बदलायचा कंटाळा करून आधीच्या जॉबचा १६ चा व्ही तसाच ठेवला तर गोलाई अडीचच्या वर जाते, डिडक्शन बदलतं, आणि ड्रॉइंग बरोबर असूनही डबा चुकतो. शिवाय छोटी घडी असेल तर ती मोठ्या व्हीमधे घसरून पडते, घडीची उंची निदान व्हीच्या ७० टक्के तरी पाहिजे. बेंडच्या अगदी जवळ होल असेल तर ते ओढलं जाऊन लांबट होतं, म्हणून होलची कड बेंडच्या गोलाईपासून जाडीच्या दोन-तीन पट लांब ठेवायची.

पत्रा परत उघडतो ते वेगळंच. ९० ला दाबला आणि पंच वर गेला की साधा पत्रा एखादा अंश मागे येतो, स्टेनलेस दोन-तीन अंश येतो. म्हणून ८९ किंवा ८७ पर्यंत दाबायचा म्हणजे सुटल्यावर ९० ला येतो. गुण्या लावूनच बघायचं, नजरेवर जाऊ नका. अ‍ॅल्युमिनियममधे अजून एक भानगड आहे, ५०५२ ग्रेडचं छान वाकतं पण ६०६१ टी६ ग्रेडचं तसंच वाकवलं की बाहेरच्या बाजूला भेगा पडतात, बऱ्याचदा लोक ताकदवान मटेरियल म्हणून ६०६१ लिहून मोकळे होतात आणि मग बेंडिंगवाल्याशी भांडतात.

आता डबा एका पत्र्यात करायचा की तुकड्यात? एका पत्र्यात केला तर चार कोपरे फक्त वेल्ड करायचे, प्रत्येकी २०० मिमी, एकूण ८०० मिमी वेल्ड. पण २०० खोल डब्याला उंच पंच लागतो, आणि आत वळलेल्या लिपच्या खाली जायला कडेला कान असलेले पंचचे तुकडे लागतात, ते सगळ्यांकडे नसतात. मग काय करतात, मधला यू बनवतात आणि वर-खाली वेगळ्या टोप्या लावतात. एका टोपीला २०० अधिक ४०० अधिक २०० म्हणजे ८०० मिमी सांधा, दोन टोप्यांना १६०० मिमी. वेल्ड डबल झालं, ग्राइंडिंग डबल झालं, आणि पत्रा ओढायची भीती पण डबल. माझं म्हणणं जे आहे ते हेच आहे, की चांगला शीट मेटलवाला तो जो वेल्डिंग कमी कसं लागेल ते आधी बघतो. जिथे बेंडने भागतं तिथे वेल्ड नको, आणि जिथे पाणी अडवायचं नाहीये तिथे लांब वेल्डऐवजी स्पॉट चालतो.

स्पॉट वेल्डिंग ऐकायला साधं वाटतं पण आतून भारी आहे. दोन पत्रे तांब्याच्या दोन टोकांमधे दाबायचे आणि साधारण दहा हजार अँपिअरच्या आसपास करंट पाव सेकंदभर सोडायचा. तांब्यात करंट सहज जातो, दोन पत्र्यांच्या सांध्यात अडतो, त्यामुळे उष्णता बरोबर तिथेच तयार होते जिथे पाहिजे, आणि मधे पाच-सहा मिमीची एक टिकली वितळून दोन्ही पत्रे एक होतात. वरून फक्त हलकासा खळगा. चाकणला ज्या गाड्या बनतात त्यांच्या बॉडीत असे हजारो स्पॉट असतात. आपल्या डब्यात दाराच्या आतली चॅनलपट्टी स्पॉटने लावायची, बाहेरून ग्राइंडिंग लागत नाही.

कोपऱ्यांना मात्र पूर्ण वेल्ड लागतं, पाणी आणि धूळ जाऊ नये म्हणून. १.६ च्या पत्र्याला साधा रॉड चालवायला हात फार पक्का लागतो, नाहीतर भोक पडतंच. म्हणून मिग, म्हणजे गॅसच्या आवरणात आपोआप पुढे येणाऱ्या तारेने केलेलं वेल्ड, ज्याला शॉपवर सीओटू म्हणतात, ०.८ ची तार, ७०-९० अँपिअर, १७-१८ व्होल्ट. ह्या सेटिंगला तार वितळलेल्या थेंबात टेकते, शॉर्ट होते, तुटते, परत टेकते, सेकंदाला कितीतरी वेळा, आणि तो जो तव्यावर काहीतरी तडतडल्यासारखा एकसारखा आवाज येतो तो बरोबर सेटिंगचा आवाज. फटफट आवाज आला, ठिणग्या मोठ्या उडाल्या की काहीतरी चुकलंय. टिग, म्हणजे न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाने केलेलं वेल्ड, अजून स्वच्छ येतं, दिसायच्या जागी आणि स्टेनलेसला टिगच करावं, पण वेळ लागतो आणि हळू चाललं की हीट पण जास्त बसते. मे महिन्यात शेडमधे जीव जातो म्हणून कोणी पंखा लावतं, तो पंखा थेट जॉबवर आला की गॅसचं आवरण उडून जातं आणि वेल्डमधे बारीक बारीक भोकं राहतात. पंखा पाठीवर घ्या, जॉबवर नको.

आता पत्रा का ओढतो. वेल्डच्या आजूबाजूची पट्टी लाल होते, तिला फुगायचं असतं, पण तिच्या शेजारचा पत्रा थंड आणि कडक असतो, तो फुगू देत नाही. गरम लोखंड मऊ असतं, म्हणून ती पट्टी जागच्या जागी दाबली जाते, जाड होते. नंतर थंड होताना ती आखडते, आणि आता ती मूळच्यापेक्षा आखूड झालेली असते. परकराची नाडी ओढली की कापडाला चुण्या पडतात ना, तसंच, कड आखूड झाली आणि मधलं कापड तेवढंच राहिलं, ते जाणार कुठे, बाहेर येणार. पत्र्याला पोट येतं. आकडा बघितला तर विश्वास बसत नाही, ४०० मिमीच्या पत्र्याच्या दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा फक्त ०.१ मिमी आखूड झाल्या तर मधे जवळपास ४ मिमी पोट येऊ शकतं. केसाएवढी आखडण, आणि डोळ्याला दिसणारं पोट. स्टेनलेसमधे हे जास्त होतं कारण ते लोखंडापेक्षा साधारण दीड पट फुगतं आणि उष्णता पसरू पण देत नाही, एकाच जागी धरून ठेवते.

उपाय सगळे ह्यातूनच निघतात. गॅप ठेवू नका, गॅप भरायला जास्त धातू लागतो म्हणजे जास्त हीट. आधी टॅक, म्हणजे जागेवर धरून ठेवायला वेल्डचे छोटे ठिपके, मारा, पहिला एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला, तिसरा मधे, मग मधले मधले, ३०-४० मिमीवर एक. टॅक झाले की कर्ण मोजा, ६०० बाय ४०० चा कर्ण ७२१.१ आला पाहिजे आणि दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत, फरक असेल तर आत्ताच ठोकून सरळ करता येतो, पूर्ण वेल्डनंतर नाही. मग एका कोपऱ्यात २५ मिमी, उडी मारून समोरच्या कोपऱ्यात २५ मिमी, परत पहिल्यात, असं करत सांधा पूर्ण करायचा. मागे तांब्याची जाड पट्टी क्लॅम्पने लावली तर ती हीट ओढून घेते आणि भोकही पडू देत नाही, तांब्याला वेल्ड चिकटत नाही.

आणि तरी पोट आलंच तर पोटावर हातोडा मारू नका. हे सगळेच पहिल्यांदा करतात. ठोकल्याने पत्रा अजून ताणला जातो, पोट वाढतं. आखडलंय वेल्ड, म्हणून ताणायचं वेल्डला, खाली ठोकळा धरून वेल्डवर हलके हलके घाव घालायचे. नाहीतर पोटाच्या मधे रुपयाएवढा ठिपका लाल करून ओलं फडकं दाबायचं, ज्या कारणाने कड आखडली त्याच कारणाने आता पोट आखडतं. पहिल्यांदा बघितलं होतं तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण सगळं एकाच गोष्टीवर चालतं हे त्या दिवशी डोळ्याने दिसलं.

तब्येतीचं न बोलता पुढे जाणं मला जमणार नाही. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा, तसाच वेल्ड करू नका. जस्त ९०७ अंशाला उकळतं, लोखंड वितळायच्या कितीतरी आधी, म्हणून तो पांढरा धूर येतो, आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. दूध प्यायलं, गूळ खाल्ला म्हणून धूर फुफ्फुसात जायचा थांबत नाही, सांध्यालगतचं जस्त आधी घासून काढा, एक्झॉस्ट लावा, मास्क लावा. वेल्डिंगच्या धुराला २०१७ मधे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. डोळ्यांचं पण तसंच, टॅक मारताना एक सेकंद तर आहे म्हणून मान वळवून बिनकाचेचं वेल्ड करणारी पोरं मी रोज बघतो, रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं आणि मग बटाट्याच्या चकत्या ठेवतात. आता हातात धरायचं लेझर वेल्डिंग आलंय, पत्रा फारच कमी ओढतो, खरंच चांगलं मशीन आहे, पण त्याचा किरण डोळ्याला दिसत नाही आणि आपली नेहमीची वेल्डिंगची काच त्याला चालत नाही, त्याच तरंगलांबीचा चष्मा लागतो, आणि तो आजूबाजूला उभ्या असणाऱ्यालाही लागतो. मशीन घेताना चष्मे सोबत घ्या, नंतर बघू म्हणू नका.

वेल्ड झालं की ग्राइंडिंग, आणि इथे हात आवरावा लागतो. कोपरा छान गोल दिसावा म्हणून डिस्क जोरात दाबली की वेल्ड तर जातंच, बाजूचा पत्रा १.६ चा १ मिमी होतो, वरून पावडर कोटिंग झालं की कोणाला दिसत नाही पण कोपऱ्याला नंतर चीर पडते. फ्लॅप डिस्क वापरा आणि एका जागी थांबू नका. स्टेनलेसचा जॉब असेल तर लोखंडावर वापरलेली डिस्क किंवा ब्रश त्याला लावू नका, लोखंडाचे कण रुततात आणि पहिल्याच पावसात स्टेनलेसला गंज आल्यासारखे डाग दिसतात, मग गिऱ्हाईक म्हणतं मटेरियल खोटं दिलं. पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन बसतो, दोन्ही बाजूंनी धरा आणि बिजागरीच्या जागी तेवढी जागा आधीच सोडा, आटे असतील तर झाकून पाठवा.

शेवटी दाराला गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी मऊ पट्टी, लावून डबा टेबलावर आला की मी वर्तमानपत्राची एक पट्टी घेतो, दार आणि डब्याच्या मधे धरतो, लॉक फिरवतो आणि ओढतो. घट्ट लागली पाहिजे. मग दोन बोटं पुढे, परत. चारी बाजू अशा बघायच्या, आणि बिजागरीच्या बाजूचा खालचा कोपरा दोनदा बघायचा, तिथे पट्टी बऱ्याचदा सैल सुटून हातात येते.